घरी बनवलेल्या अँटेनाने हवामान उपग्रहाचे चित्र कसे मिळवावे

सुमारे ८२० किलोमीटर उंचीवरून एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे फिरणारा हवामान उपग्रह खालचे ढग, समुद्र आणि जमीन यांचे चित्र टिपत असतानाच ते रेडिओलहरींवरून खाली पाठवत असतो. हे प्रक्षेपण एखाद्या मोठ्या केंद्रापुरते राखून ठेवलेले नसते. उपग्रह ज्याच्या क्षितिजावर आला असेल, त्या कोणालाही ते घेता येते. त्यासाठी धातूच्या दोन सळया, काही मीटर केबल, संगणकाला जोडायचा एक लहान रिसीव्हर आणि विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर एवढे साहित्य पुरते. या साहित्यात सर्वांत स्वस्त वस्तू अँटेना असली, तरी चित्र मिळणार की नाही हे बहुतांशी तिच्यावर आणि ती कुठे उभारली यावर ठरते. म्हणून पुढील विवेचनात रिसीव्हरपेक्षा अँटेना आणि जागा यांना अधिक जागा दिली आहे.

प्रथम एक महत्त्वाचा बदल लक्षात घ्यावा. डिसेंबर १९६३ मध्ये सोडलेल्या टायरॉस-८ या अमेरिकी उपग्रहापासून एपीटी नावाची अॅनालॉग पद्धत सुरू झाली आणि ती सहा दशके हौशी लोकांची पहिली पायरी राहिली. दर सेकंदाला दोन ओळी, म्हणजे सेकंदाला दोनदा ऐकू येणारी टिकटिक, हा तिचा आवाज अनेकांच्या ओळखीचा आहे. ही पद्धत वापरणाऱ्या शेवटच्या तीन उपग्रहांपैकी नोआ-१८ जून २०२५ मध्ये, तर नोआ-१९ आणि नोआ-१५ ऑगस्ट २०२५ मध्ये सेवेतून काढून घेण्यात आले. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून ती टिकटिक शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यांतील अँटेनाविषयीचा भाग मात्र आजही तितकाच उपयोगी आहे, कारण वापरात असलेले उपग्रह त्याच पट्ट्यात, १३७ ते १३८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, प्रक्षेपण करतात.

आज नवशिक्याने लक्ष्य ठेवावे ते रशियाच्या मेटिऑर-एम मालिकेवर. मेटिऑर-एम एन२-३ हा उपग्रह जून २०२३ मध्ये आणि एन२-४ हा फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडण्यात आला. दोन्ही एलआरपीटी या डिजिटल पद्धतीने १३७.९ किंवा १३७.१ मेगाहर्ट्झवर चित्र पाठवतात. यांपैकी कोणती वारंवारता चालू आहे हे अधूनमधून बदलते, आणि प्रक्षेपण काही काळ बंदही ठेवले जाते, म्हणून प्रत्येक वेळी ताजी स्थिती पाहून घ्यावी. या चित्रात एका बिंदूने जमिनीवरचा साधारण एक किलोमीटर व्यापला जातो, तर जुन्या एपीटीमध्ये तोच बिंदू चार किलोमीटरचा होता.

अॅनालॉग पद्धतीत सिग्नल कमजोर झाला की चित्रावर खरखर दिसे, तरी ढगांचा आकार ओळखता येई. डिजिटल पद्धतीत ही सवलत नाही. सिग्नल ठराविक पातळीच्या वर असेल तर चित्र पूर्ण स्वच्छ मिळते आणि त्या पातळीखाली गेला की काहीच मिळत नाही. या दोन अवस्थांमधले अंतर अवघे एक-दोन डेसिबलचे (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक) असते. अँटेनाच्या जोडणीत, केबलच्या लांबीत किंवा शेजारच्या एखाद्या चार्जरच्या गोंगाटात एवढा फरक सहज पडतो. म्हणून पुढे सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी टाळण्याजोग्या समजू नयेत.

अँटेना बनवणे

पहिला अँटेना म्हणून व्ही-डायपोल, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन सळयांचा अँटेना, बनवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १३७.५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.१८ मीटर आहे. तिचा चौथा भाग साधारण ५४.५ सेंटिमीटर येतो आणि प्रत्यक्षात सळई त्याहून किंचित आखूड ठेवावी लागते. प्रत्येक सळई ५३.४ सेंटिमीटर लांब आणि दोन्ही सळयांमध्ये १२० अंशांचा कोन, ही मापे जगभरच्या हौशी लोकांनी वापरून पारखलेली आहेत. सरळ डायपोलचा अवरोध (इम्पीडन्स) ७३ ओहमच्या आसपास असतो. सळया अशा वाकवल्या की तो केबल आणि रिसीव्हरच्या ५० ओहमच्या जवळ येतो आणि वेगळ्या जुळणीची गरज उरत नाही.

सळई तांब्याची, पितळेची किंवा अॅल्युमिनिअमची, तीन ते सहा मिलिमीटर जाडीची घ्यावी. ती आधी ५५ सेंटिमीटर कापावी आणि नंतर कानशीने घासून मापावर आणावी, कारण आखूड झालेली सळई वाढवता येत नाही. वायरिंगमध्ये तारा जोडण्यासाठी वापरतात तो स्क्रूचा प्लॅस्टिक कनेक्टर मधोमध बसवावा. त्याच्या एका बाजूने दोन सळया आणि दुसऱ्या बाजूने केबल घालावी. केबलची मधली तार एका सळईला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या सळईला जोडावी. कनेक्टरच्या आत गेलेला सळईचा भागही ५३.४ सेंटिमीटरमध्येच मोजायचा असतो, हे विसरू नये. जाळीचे सुटे तंतू पिळून एकत्र करावेत. मधल्या तारेला चिकटलेला एक तंतूही सगळा सिग्नल खाऊन टाकू शकतो. केबलचा उघडा भाग जेवढा कमी ठेवता येईल तेवढा ठेवावा, दोन सेंटिमीटरहून अधिक नको.

कोन मोजण्यासाठी कोनमापकाची गरज नाही. मधली फट धरून दोन्ही सळयांच्या टोकांमधले सरळ अंतर साधारण ९४ सेंटिमीटर आले की कोन १२० अंशांचा झाला, असे समजावे. सळया लाकडी फळीच्या तुकड्यावर किंवा पीव्हीसी पाइपवर पक्क्या बसवाव्यात. धातूचा खांब वापरायचाच असेल तर तो सळयांच्या पातळीच्या खालीच संपला पाहिजे. अँटेनाच्या लगेच खाली केबलचे पाच-सहा वेढे घालून ते पट्टीने बांधावेत. या वेढ्यांमुळे केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेनासारखी वागत नाही आणि घरातला विद्युत गोंगाट तिच्यावरून वर चढत नाही. हे वेढे फार लहान व्यासाचे घेतले तर केबल आतून चेपते, म्हणून ते हाताच्या पंज्याएवढे मोठे ठेवावेत. जोड बाहेर राहणार असल्यास तो सिलिकॉनने पूर्ण बंद करावा. तांबे आणि अॅल्युमिनिअम एकत्र आले की ओलाव्याने सांधा गंजतो. केबलच्या टोकातून आत गेलेले पाणी जाळीतून कित्येक फूट खाली उतरते आणि त्यानंतर ती केबल निरुपयोगी होते.

आता दिशा. अँटेना आडवा, जमिनीला समांतर धरावा आणि व्हीचे उघडे तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे करावे. उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण जातो. डायपोल सर्वांत कमी ऐकतो तो सळयांच्या टोकांच्या दिशेने, आणि अशा मांडणीत ती टोके पूर्व-पश्चिमेकडे वळलेली राहतात. ध्रुवण म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा. उपग्रहाची लहर उजव्या वर्तुळाकार ध्रुवणाची असते आणि आपला अँटेना आडव्या रेषीय ध्रुवणाचा असतो, त्यामुळे निम्मी शक्ती, म्हणजे तीन डेसिबल, गमवावी लागते. हा तोटा पत्करण्यामागे कारण आहे. जमिनीवरची बरीचशी प्रक्षेपणे उभ्या ध्रुवणाची असतात आणि आडव्या अँटेनाला ती फार क्षीण ऐकू येतात. शहरात राहणाऱ्याला या सौद्यात बहुधा फायदाच होतो.

उंचीविषयी एक गैरसमज आहे, की अँटेना जितका उंच तितका चांगला. खाली पत्र्याचे छप्पर किंवा तसाच विद्युतवाहक पृष्ठभाग असेल, तर त्याच्यापासून सुमारे ५५ सेंटिमीटरवर ठेवलेल्या अँटेनात वरून आलेली लहर आणि पृष्ठभागावरून परतलेली लहर एकमेकींना बळ देतात. हेच अंतर सुमारे १.१ मीटर केले, तर त्या दोन्ही लहरी थेट डोक्यावरच्या दिशेसाठी एकमेकींना मारतात आणि उपग्रह माथ्यावर असतानाच चित्रात खंड पडतो. उंची वाढवायची ती फक्त आकाश मोकळे दिसावे म्हणून. गच्ची नसेल तर खिडकीबाहेरही अँटेना चालतो, मात्र तेथून दिसते त्याच बाजूच्या आकाशातून जाणारे उपग्रह निवडावे लागतात.

व्ही-डायपोलवर हात बसल्यावर क्यूएफएच किंवा टर्नस्टाइल बनवावा. क्यूएफएचमध्ये पिळ दिलेल्या दोन वेटोळ्यांमुळे वर्तुळाकार ध्रुवण थेट मिळते आणि क्षितिजालगतचा उपग्रहही चांगला ऐकू येतो. टर्नस्टाइलमध्ये एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन डायपोल असतात आणि त्यांच्यामध्ये पाव तरंगलांबीची विलंब-केबल लागते. घट्ट पॉलिथिन भरलेल्या केबलमध्ये लहरीचा वेग मोकळ्या हवेतल्या वेगाच्या ०.६६ पट असल्याने हा तुकडा ५४.५ नव्हे, तर सुमारे ३६ सेंटिमीटरचा कापावा लागतो. दोन्ही प्रकारांत पिळाची किंवा जोडणीची दिशा उलटी झाली, तर अँटेना डाव्या ध्रुवणाचा होतो आणि उपग्रहाचा बहुतेक सिग्नल नाकारतो. पहिल्याच प्रयत्नात हे काम हाती न घेण्याचे हेच कारण आहे, कारण अशी चूक कुठे झाली हे नवशिक्याला शोधता येत नाही.

केबल, फिल्टर आणि रिसीव्हर

केबल आखूड असावी, हा एकच नियम पुष्कळ आहे. या वारंवारतेला आरजी-५८ केबल दर मीटरला सुमारे ०.२ डेसिबल खाते, म्हणजे दहा मीटरमध्ये दोन डेसिबल गेले. टीव्हीच्या डिशला वापरतात ती आरजी-६ केबल ७५ ओहमची असली तरी तिच्यातला तोटा याच्या निम्म्याहून कमी असतो आणि अवरोध न जुळल्यामुळे होणारे नुकसान नगण्य असते. त्यामुळे ती वापरण्यास संकोच करू नये.

रिसीव्हर म्हणून आरटीएल-एसडीआर प्रकारचा यूएसबी डोंगल पुरेसा आहे. शक्यतो तापमानाने न ढळणारा स्फटिक असलेला घ्यावा. साध्या स्फटिकात ५० पीपीएमची (दहा लाखांत ५० भागांची) चूक असली तर १३७ मेगाहर्ट्झवर ती जवळपास सात किलोहर्ट्झ होते. उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारतेत होणारा डॉप्लर बदल मात्र अवघा तीन किलोहर्ट्झच्या आसपास असतो. एलआरपीटीचा सिग्नल शंभराहून अधिक किलोहर्ट्झ रुंद असल्याने सॉफ्टवेअर हा बदल स्वतःच सांभाळते.

या डोंगलची खरी मर्यादा म्हणजे त्याचे ८ बिटांचे मोजमाप. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरचे एखादे एफएम केंद्र जवळ असेल, तर त्याच्या ताकदीने डोंगल भरून जातो आणि उपग्रहाच्या क्षीण सिग्नलला जागाच उरत नाही. अशा ठिकाणी एफएम अडवणारा फिल्टर किंवा फक्त १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा सोडणारा फिल्टर लावावा. फिल्टरसह येणारा कमी-गोंगाटाचा अँप्लिफायर आणखी चांगला, पण तो अँटेनापाशीच बसवला पाहिजे. केबलच्या खालच्या टोकाला लावलेला अँप्लिफायर केबलमध्ये क्षीण झालेल्या सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच मोठा करून देतो. या अँप्लिफायरला डोंगलमधील बायस-टी वापरून केबलमधूनच वीज पुरवता येते. अँप्लिफायर नसताना बायस-टी चालू करू नये, कारण क्यूएफएचसारखे बरेच अँटेना विजेच्या दृष्टीने बंद वेटोळे असतात आणि त्यांच्यामुळे पुरवठा थेट शॉर्ट होतो.

जागा पारखणे

उपग्रहाची वाट पाहण्यापूर्वी गोंगाट तपासावा. सॉफ्टवेअरमध्ये (पुढे सांगितलेल्या सॅटडम्पमध्ये) १३७.५ मेगाहर्ट्झ लावून सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या आलेखातील तळाची रेषा पाहावी आणि मग डोंगलवरून अँटेना काढावा. ती रेषा काही डेसिबल खाली आली पाहिजे. अजिबात हलली नाही, तर एकतर गेन, म्हणजे डोंगलमध्ये सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, कमी आहे किंवा केबल कुठेतरी तुटली आहे. याच कसोटीवर गेन ठरवावा. शून्यापासून वर नेत असताना तळाची रेषा उचलली जाऊ लागते, आणि पुढे एका टप्प्यावर जिथे काहीच नसावे तिथे एफएमचे भास दिसू लागतात. त्या टप्प्याच्या थोडे आधी थांबावे. सर्वाधिक गेन म्हणजे सर्वोत्तम चित्र, हे खरे नाही.

रेषा फारच उंच असेल, तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून चार्जर काढावा आणि घरातले एलईडी दिवे, राउटर, टीव्ही, सौर इन्व्हर्टर एकेक करून बंद करत आलेख पाहावा. बहुतेक घरांत गुन्हेगार एक-दोनच उपकरणे असतात आणि ती सापडली की कोणत्याही महाग अँप्लिफायरपेक्षा मोठा लाभ होतो. डोंगल लॅपटॉपला चिकटून न ठेवता मीटरभराच्या चांगल्या यूएसबी तारेवर ठेवला, तर संगणकाचा स्वतःचा गोंगाटही कमी होतो.

अँटेना विजेच्या तारांपासून इतका दूर उभारावा, की तो पडला तरी त्यांना टेकणार नाही. गडगडाट सुरू होण्याआधी केबल डोंगलवरून काढून घराबाहेर ठेवावी. वादळाचे ढग टिपण्याचा मोह कितीही झाला, तरी याला अपवाद नको. रेडिओ रिसीव्हर वापरण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, तेही आधी जाणून घ्यावेत.

उपग्रहाची फेरी आणि प्रत्यक्ष ग्रहण

उपग्रह क्षितिजावर उगवून मावळेपर्यंतच्या फेरीला पास म्हणतात. ती जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची असते. कोणता उपग्रह केव्हा आणि कुठून जाईल हे जीप्रेडिक्टसारखे सॉफ्टवेअर सांगते. त्यासाठी कक्षेची माहिती, म्हणजे टीएलई, आठवड्यातून एकदा तरी ताजी करावी आणि संगणकाचे घड्याळ इंटरनेटशी जुळवावे. सुरुवातीला उपग्रह क्षितिजापासून किमान ४० अंश वर चढणार असेल असेच पास निवडावेत. डोक्यावर असताना उपग्रह ८२० किलोमीटरवर असतो, तर क्षितिजावर तोच ३३०० किलोमीटरवर असतो. शिवाय तिथे इमारती आणि झाडेही आड येतात.

ग्रहणासाठी सॅटडम्प हे सॉफ्टवेअर सध्या सर्वांत सोयीचे आहे. ते संगणकावर आणि अँड्रॉइडवरही चालते. त्याच्या रेकॉर्डर भागात डोंगल निवडावा, सँपल रेट, म्हणजे सेकंदाला घेतली जाणारी मोजमापे, एक मेगाच्या (दहा लाखांच्या) आसपास ठेवावा, वारंवारता लावावी आणि प्रक्रियेच्या यादीतून मेटिऑर एम२-एक्स एलआरपीटी ७२के निवडावे. हा आकडा सेकंदाला ७२,००० चिन्हांचा वेग दर्शवतो. उपग्रह उगवण्याच्या एक मिनिट आधी सुरुवात करावी.

पहिली दोन-तीन मिनिटे बहुधा काही दिसत नाही. त्यानंतर आलेखाच्या मधोमध सपाट माथ्याचा एक रुंद उंचवटा हळूहळू वर येतो. शेजारच्या चौकोनात आतापर्यंत नुसता पसरलेला ठिपक्यांचा ढग चार कोपऱ्यांत गोळा होऊ लागतो. उपग्रह वर चढतो तसे हे चार पुंजके घट्ट होतात, खालचे दर्शक हिरवे होतात आणि चुकांचे प्रमाण घसरते. या क्षणी अँटेनाला हात लावण्याची, गेन बदलण्याची किंवा सॉफ्टवेअरची खिडकी बदलण्याची गरज नसते. पुंजके स्थिर असतील तर चित्र येत आहे, असे समजावे.

पुंजके गोळा होऊन मध्येच विस्कटत असतील, तर त्याच्या वेळेकडे लक्ष द्यावे. दर वेळी आकाशाच्या त्याच भागात तसे होत असेल, तर त्या दिशेला अडथळा आहे किंवा अँटेना तिकडे बहिरा आहे. अनियमितपणे, क्षणभरच होत असेल, तर जवळचे एखादे प्रक्षेपण किंवा घरातले उपकरण कारण आहे. १३७ मेगाहर्ट्झच्या लगेच खाली विमानांच्या संभाषणाचा पट्टा आहे, त्यामुळे विमानतळाजवळ राहणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. उंचवटा दिसतो पण पुंजके कधीच जमत नाहीत, अशा वेळी प्रक्रियेचा पर्याय चुकीचा निवडला गेला आहे का, हे आधी पाहावे.

चित्र वाचणे

चित्र १५६८ बिंदू रुंद असते आणि ते लहान तुकड्यांत बांधून पाठवले जाते. एका तुकड्यात ८ बिंदू उंचीची आणि ११२ बिंदू रुंदीची पट्टी असते. म्हणूनच सिग्नल तुटला की खरखर न दिसता चित्रात काळे आयत किंवा आडवे पट्टे राहतात. अशा पट्ट्यांची जागा पाहून पासच्या कोणत्या मिनिटाला सिग्नल गेला हे काढता येते. जागा सुधारण्यासाठी याहून चांगली नोंद नाही.

उपग्रहावरील एमएसयू-एमआर या उपकरणाचे सहा चॅनेल आहेत आणि एलआरपीटीमध्ये त्यांतले तीन एका वेळी येतात. पहिला चॅनेल ०.५ ते ०.७ मायक्रोमीटरचा, म्हणजे दृश्य प्रकाशाचा आहे. दुसरा ०.७ ते १.१ मायक्रोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त किरणांचा आहे. हिरवी वनस्पती दुसऱ्यात उजळ आणि पाणी जवळपास काळे दिसते, त्यामुळे किनारा, तलाव आणि नद्यांची पात्रे त्यात रेखीव उठून येतात. दोन्ही मिळून केलेले २२१ नावाचे रंगीत चित्र सॅटडम्प आपोआप बनवते आणि त्यात जमीन हिरवट दिसते. पाचवा चॅनेल १०.५ ते ११.५ मायक्रोमीटरचा, उष्णतेचा असल्याने रात्रीही चालतो. त्यातून ढगाच्या माथ्याचे तापमान कळते. अतिशय थंड माथा म्हणजे उंच चढलेला ढग, आणि गडगडाटी पावसाचे ढग याच खुणेने ओळखता येतात. दृश्य चॅनेलमध्ये सारखेच पांढरे दिसणारे दोन ढग इथे वेगळे पडतात, एक सखल धुक्याचा आणि दुसरा बारा किलोमीटर उंचीचा. हवामान समजून घेण्याच्या दृष्टीने मला हाच भाग सर्वाधिक मोलाचा वाटतो आणि रंगीत चित्राच्या आनंदात त्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

चित्राच्या कडा दबलेल्या दिसतात, कारण तिथे उपग्रह पृथ्वीच्या गोलाईकडे तिरपे पाहत असतो. सॉफ्टवेअरमधील दुरुस्तीचा पर्याय वापरला की त्या योग्य प्रमाणात येतात. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या पासचे चित्र उलटे आले तर ते फिरवून घ्यावे. नकाशाच्या सीमारेषा चित्रावर चढवायच्या असतील, तर टीएलई ताजे आणि घड्याळ बरोबर असणे पुन्हा आवश्यक ठरते. काही सेकंदांची चूकही किनारपट्टी समुद्रात सरकवते, कारण उपग्रह सेकंदाला जमिनीवरचे सहा किलोमीटरहून अधिक अंतर ओलांडतो.

प्रत्येक पासनंतर चित्रांबरोबर कॅडू या विस्ताराची फाइलही तयार होते. ती आकाराने लहान असते आणि उपग्रहाकडून आलेली मूळ माहिती तिच्यात असते, त्यामुळे पुढे सॉफ्टवेअर सुधारल्यावर तिच्यातून तेच चित्र पुन्हा, अधिक चांगले काढता येते. याउलट कच्च्या रेडिओ सिग्नलचे पूर्ण रेकॉर्डिंग एका पासला दीड गिगाबाइटच्या आसपास जाते. ते फक्त बिघाड शोधताना ठेवावे. कॅडू फाइलच्या नावात उपग्रह, दिनांक आणि यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहावी, आणि शेजारी एका ओळीत अँटेनाची जागा, गेन व त्या वेळी घरात काय चालू होते हे नोंदवून ठेवावे.